नवी सत्ता आली की बातमीचं काय होतं?

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत बऱ्याच वर्षांनी नगरसेवक परत आलेत. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली होती, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. तिथपासून १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत दोन्हीकडे आयुक्त हेच प्रशासक होते. महासभा नाही, स्थायी समिती नाही, विरोधी पक्षनेता नाही. आता ठाण्यात १३१ आणि नवी मुंबईत १११ लोकप्रतिनिधी आहेत.

निवडणूक झाली की दोन तक्रारी कानावर येतात. एक म्हणते, "पेपरवाले काय, जो निवडून आला त्याचे." दुसरी म्हणते, "नव्या माणसांना जरा काम करू द्या की, पहिल्या दिवसापासून टीकाच." दोन्ही तक्रारी करणारे बहुतेक वेळा प्रामाणिक असतात. पण सत्ताधारी आणि पत्रकार यांच्यात नेमकी देवाणघेवाण कशाची होते, हे दोघांनाही फारसं कुणी सांगितलेलं नसतं. ते इथे सांगायचं आहे. माझं मतही आधीच सांगते. सरकारजवळची माहिती आणि जाहिरातींवर खर्च होणारा पैसा, दोन्ही आपले आहेत. सत्ताधाऱ्यांनी ते मर्जीप्रमाणे द्यायचे-थांबवायचे नसतात. हे धरून पाहिलं की पुढचं सगळं प्रकरण समजायला सोपं जातं.

एकमेकांची गरज

सरकारला लोकांपर्यंत पोचायचं असतं, पत्रकाराला सरकारच्या आतलं कळून घ्यायचं असतं. या गरजेतून रोजचा व्यवहार चालतो. महापालिकेत त्यासाठी जनसंपर्क विभाग असतो. राज्य सरकारचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे. 'लोकराज्य' मासिक काढतं तेच. त्याचं जिल्हा माहिती कार्यालय ठाण्यात आहे आणि कोकण विभागाचं कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनात. या कार्यालयांतून पत्रकारांकडे जो मजकूर येतो त्याला आपण प्रेसनोट म्हणतो. पूर्वी शिपाई पाकिटातून आणून द्यायचा, आता व्हॉट्सअॅप ग्रुपवर येते.

ठाणेकरांच्या आणि नवी मुंबईकरांच्या ओळखीची प्रेसनोट अशी असते: मुख्य जलवाहिनीच्या तातडीच्या दुरुस्तीसाठी शुक्रवारी २४ तास पाणीपुरवठा बंद राहील, पुढचे एक-दोन दिवस पाणी कमी दाबाने येईल, नागरिकांनी पाणी काटकसरीने वापरून सहकार्य करावं.

यात खोटं काही नाही आणि ती छापलीच पाहिजे, कारण लोकांना पिंप भरून ठेवायचं असतं. पण तिच्यात काय नाही तेही बघा. वाहिनी कुठे फुटली? वर्षभरात तीच किती वेळा फुटली? काम कोणत्या ठेकेदाराचं होतं आणि त्याचा दोषदायित्व कालावधी संपला का? हा कालावधी म्हणजे कामात खोट निघाली तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत. ती संपली नसेल, तर दुरुस्तीचं बिल आपल्या खिशातून जायचं कारण नाही. ही उत्तरं मिळवायला वार्ताहर पाणीपुरवठा विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला फोन लावतो. प्रेसनोट पोचवणं हे टपालाचं काम झालं, पत्रकारिता या फोनपासून सुरू होते. सत्ता बदलल्यावर नातं कसं आहे हे ओळखायचं असेल, तर तो फोन उचलला जातो की "वरून परवानगी घ्या" असं उत्तर येतं, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

सोसायटीचा नोटीस बोर्ड

हाच प्रकार लहान मापात आपण रोज पाहतो. घोडबंदर रोडवरची किंवा नेरूळची एखादी सोसायटी घ्या. नवी कमिटी निवडून आली आहे. खाली लॉबीत काचेच्या पेटीतला नोटीस बोर्ड आहे आणि पेटीची किल्ली सेक्रेटरीकडे. बोर्डावर वार्षिक सभेची नोटीस लागते, टाकी धुण्याची तारीख लागते, कमिटीने केलेल्या रंगकामाचे फोटो लागतात. एका सभासदाने कागद दिला: लिफ्टच्या देखभालीसाठी किती कोटेशन आली होती, ती सगळ्यांना दाखवावी. तो कागद काही लागला नाही. कुणी मनाई केली नाही, कुणी धमकावलं नाही. "बघू, जागा नाही," एवढंच.

मग त्या सभासदाने स्वतः चार पानी पत्रक काढलं. त्याचा खर्च कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या जाहिरातीतून निघायचा. कमिटीने किराणावाल्याला नुसतं विचारलं, "गेटवरच्या स्टॉलची परवानगी पुढच्या महिन्यात संपतेय ना?" जाहिरात बंद झाली, पाठोपाठ पत्रकही.

इथे किल्ली कमिटीच्या खिशात असली, तरी बोर्ड मेंटेनन्सच्या पैशांतून आलेला आहे. गेटची जागाही सगळ्यांची आहे. महापालिका असो, मंत्रालय असो की दिल्लीतलं सरकार, फरक आकड्यांचा आहे. काम किल्लीने आणि जाहिरातीनेच होतं, उघड बंदीची वेळ क्वचितच येते.

कायदा काय म्हणतो?

वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य असं वेगळं कलम आपल्या राज्यघटनेत नाही. कलम १९(१)(अ) प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य त्यातच येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५० पासूनच्या निकालांत सांगितलं आहे. म्हणजे पत्रकाराला तुमच्या-माझ्याहून जास्त हक्क नाही. जो हक्क आहे तो आपलाच, ते आपल्या वतीने वापरतात. पुढचं कलम १९(२) सांगतं की सरकार हे स्वातंत्र्य कोणत्या कारणांसाठी मर्यादित करू शकतं: देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, न्यायालयाचा अवमान, बदनामी अशी ठरलेली यादी आहे. सरकारची अडचण हे कारण त्या यादीत नाही.

या विषयातला एक मोठा खटला मराठी वृत्तपत्राचा आहे आणि तो आपल्याकडे पुरेसा आठवला जात नाही याचं मला वाईट वाटतं. केंद्र सरकारने १९५६ मध्ये वृत्तपत्रांची किंमत आणि पानं यांची सांगड घालणारा कायदा केला आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश काढला. किती किमतीला किती पानं द्यायची, ते सरकार ठरवणार. पुण्याचा 'सकाळ' तेव्हा ७ नव्या पैशांना मिळायचा आणि रविवार सोडून आठवड्याच्या सहा अंकांत मिळून ३४ पानं द्यायचा. आदेशाप्रमाणे एक तर किंमत वाढवायची, नाही तर पानं कमी करायची. नानासाहेब परुळेकरांचं हे दैनिक सर्वोच्च न्यायालयात गेलं. दोन वाचकांनीही आपल्या स्वतंत्र याचिका केल्या होत्या.

सरकारचं म्हणणं वरवर पाहता चांगलं होतं: मोठी वृत्तपत्रं जास्त पानं देऊन लहानांना संपवतात, म्हणून लहानांना संरक्षण. न्यायालयाने ते मानलं नाही. किंमत वाढली तर खप घटतो, पानं घटली तर मजकूर घटतो, आणि दोन्हींमुळे वाचकापर्यंत कमी पोचतं. व्यवसायाचं नियमन म्हणून केलेली गोष्ट प्रत्यक्षात विचार पोचवण्याच्या हक्कावर येत असेल, तर ती १९(२) च्या यादीत बसली पाहिजे. ती बसत नव्हती. कायदा आणि आदेश दोन्ही रद्द झाले. मजकुरातल्या एका ओळीलाही हात न लावता, फक्त हिशेबाच्या बाजूने वृत्तपत्राला जेरीस आणता येतं, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच ओळखलं होतं.

पैशाची बाजू: आरओ

आता जाहिरात. राज्यात वृत्तपत्रांची शासनमान्य यादी असते. खपाप्रमाणे अ, ब, क अशा श्रेण्या असतात आणि श्रेणीप्रमाणे सरकारी जाहिरातीचे दर. काही जाहिराती दर्शनी असतात, मोठ्या, रंगीत, योजनांच्या. काही निविदा सूचना आणि जाहीर नोटिसा असतात, बारीक टायपातल्या. मोठ्या दैनिकाला ही रक्कम इतर जाहिरातींच्या मानाने लहान वाटेल. ठाणे जिल्ह्यातल्या छोट्या दैनिकाचा कागद आणि छपाई मात्र कित्येकदा याच बारीक टायपावर निघते. ई-निविदा आल्यापासून सूचना आकाराने आटल्या, तशी उरलेल्यांची किंमत या लोकांना आणखी वाढली.

जाहिरात छापण्याचा जो लेखी आदेश येतो त्याला या धंद्यात रिलीज ऑर्डर, बोलताना आरओ म्हणतात. मी काही वर्षं इथल्या एका स्थानिक दैनिकात डेस्कवर होते. नालेसफाईच्या कामावर आमच्या वार्ताहराने सलग बातम्या दिल्या. गाळ काढल्याची नोंद होती, पण नाल्याच्या काठावर गाळ कुठे दिसत नव्हता. त्यानंतर एका सार्वजनिक कार्यालयाकडून येणारे आरओ बंद झाले. पत्र नाही, फोन नाही, कारण नाही. आमचा जाहिरात विभागातला माणूस चकरा मारून आला आणि म्हणाला, "साहेब म्हणतात, यादीचं काम चालू आहे." कुणावर ठपका ठेवावा असा एकही कागद आमच्या हातात नव्हता. बातम्या थांबल्या नाहीत. पण पुढच्या पावसाळ्यात तोच विषय आला तेव्हा संपादकांनी आधी हिशेबाची वही मागवली होती, हे मी पाहिलं आहे.

याबाबत नियम आहे. सरकारी जाहिरातींवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी मार्गदर्शक तत्त्वं दिली. जाहिरात सरकारच्या कामाशी संबंधित हवी, पक्षाचा प्रचार नको, व्यक्तीचा उदोउदो नको. आपल्या चर्चेसाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एखाद्याच माध्यमसमूहाची खास बडदास्त ठेवायची नाही, खपाप्रमाणे श्रेणी करून सर्वांना समान न्यायाने जाहिराती द्यायच्या. फोटोंचा नियम न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये सैल केला आणि मुख्यमंत्री, मंत्र्यांच्या छायाचित्रांना वाट दिली. समान वाटपाचं तत्त्व मात्र कायम आहे.

किल्लीची बाजू: आत कुणाला घ्यायचं

राज्य सरकार पत्रकारांना अधिस्वीकृती देतं, म्हणजे अधिकृत ओळखपत्र. त्यावर मंत्रालयात जाता येतं, एसटीची सवलत मिळते. ही सोय आहे, पत्रकारितेचा परवाना नव्हे. अधिस्वीकृती नसलेला माणूसही बातमी देऊ शकतो, कारण हक्क नागरिकाचा आहे. "तुमच्याकडे कार्ड आहे का?" असं विचारून प्रश्नच टाळणारे अधिकारी या दोन गोष्टींची गल्लत करतात.

महापालिकेची महासभा ही तर कायद्यानेच लोकांसाठी खुली असते. बंद दाराआड घ्यायची तर उपस्थित नगरसेवकांनी बहुमताने तसं ठरवावं लागतं. प्रशासकाच्या काळात सगळ्यात मोठं नुकसान झालं ते इथे. तेव्हाही ठराव होत होते, पण प्रशासकाच्या सहीने. विषयपत्रिका फाडून फेकणारा, इतिवृत्तातली चूक दाखवणारा, "ऐनवेळचा विषय कुणी आणला?" म्हणून उभा राहणारा कुणी नव्हता. महापालिका कायद्यातलं ५(२)(२) हे ठाण्यात महापालिकेची बातमी वाचणाऱ्या प्रत्येकाला ऐकून माहीत असलेलं कलम आहे. तातडीच्या नावाखाली निविदेशिवाय काम देण्याची वाट त्यातून जाते. असे प्रस्ताव बाहेर यायचे ते बहुधा सभागृहातल्या भांडणामुळे. आता ते भांडण परत आलं आहे, आणि माझ्या मते पत्रकारांसाठी हीच या निवडणुकीची सर्वांत मोठी देणगी आहे. ठाणे महापालिकेच्या मुख्यालयात एका सभागृहाला 'ठाणे वैभव'चे संस्थापक-संपादक नरेंद्र बल्लाळ यांचं नाव आहे. पत्रकाराचा मान राखण्याची ही परंपरा पत्रकार कक्षापर्यंतही पोचायला हवी.

निवडून आल्यावर पहिल्या काळात काय होतं?

दोन्ही प्रकारची उदाहरणं आहेत. चांगलं उदाहरण १९७७ चं. आणीबाणीत वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप होती. चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच केली होती, प्रेस कौन्सिल बरखास्त केली होती आणि १९७६ मध्ये 'आक्षेपार्ह मजकूर' छापण्याविरुद्ध कायदा केला होता. मार्च १९७७ मध्ये आलेल्या जनता सरकारने तो कायदा रद्द केला. संसदेतल्या कामकाजाची खरी बातमी देणाऱ्याला संरक्षण देणारा कायदाही परत आणला. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३६१-अ घालून हे संरक्षण थेट घटनेत गेलं, विधिमंडळांनाही लागू झालं. १९७८ मध्ये चारही वृत्तसंस्था पुन्हा वेगळ्या झाल्या. नव्या सरकारने आपल्याच हातातली सत्ता कमी केली, असं क्वचित घडतं.

दुसरं उदाहरण महाराष्ट्राचं. ऑक्टोबर २०१४ मध्ये नवं सरकार निवडून आलं. ऑगस्ट २०१५ मध्ये राजद्रोहाच्या कलमाबाबत पोलिसांसाठी परिपत्रक निघालं. कलमाचा गैरवापर थांबावा हा त्यामागचा हेतू होता, कारण आधीच्या सरकारच्या काळातल्या एका व्यंगचित्रकाराच्या अटकेतूनच हा विषय उच्च न्यायालयात गेला होता. पण परिपत्रकाच्या भाषेतून लोकप्रतिनिधींवरची टीकाही राजद्रोहात येऊ शकेल असा अर्थ निघत होता. त्याला आव्हान मिळालं आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये ते मागे घेतलं गेलं. हेतू बरा असला तरी शब्द सैल असले की पोलीस ठाण्यातला हवालदार त्याचा काय अर्थ लावेल, याचा विचार आधी करावा लागतो.

तिसरं ताजं आहे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालानंतर आलेल्या राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये माध्यमांवर लक्ष ठेवणारं केंद्र उभारण्याचा शासन निर्णय काढला. खर्च सुमारे १० कोटी रुपये, वेळ सकाळी ८ ते रात्री १०. सरकारविषयीच्या छापील, दूरचित्रवाणी आणि डिजिटल बातम्या गोळा करायच्या, सकारात्मक-नकारात्मक अशी वर्गवारी करायची, दिशाभूल करणारी बातमी असेल तर लगेच खुलासा द्यायचा. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमांच्या वापरावर नियम आले. सरकारी धोरणावर तिथे टीका करायची नाही, हा त्यातला एक. म्हणजे एका बाजूने बातमीवर नजर वाढली आणि दुसऱ्या बाजूने आतून बोलणाऱ्या माणसाचं धाडस कमी झालं.

'मग खोट्या बातमीवर सरकारने गप्प बसायचं का?'

अजिबात नाही. खुलासा करणं हा सरकारचा हक्क आहे आणि चूक असेल तर तो ठळक छापणं हे वृत्तपत्राचं कर्तव्य. बातम्यांची कात्रणं सरकारी कार्यालयं कित्येक वर्षं काढत आली आहेत, त्यात वावगं काही नाही. प्रश्न पुढच्या पायरीचा आहे. नकारात्मक बातम्यांची यादी कुठे जाते? रस्ते विभागाकडे गेली तर खड्डा बुजेल. जाहिरात विभागाकडे गेली तर आरओ थांबतील. या दोन खात्यांमध्ये भिंत आहे की नाही, हे शासन निर्णयांत स्पष्ट लिहिलेलं असावं असं मला वाटतं.

खुलासा करणं आणि खोटं कोणतं ते स्वतःच ठरवून ते काढायला लावणं, यातला फरक मुंबई उच्च न्यायालयासमोर आला होता. केंद्राने २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून स्वतःचं तथ्य तपासणी पथक नेमण्याची तरतूद केली. केंद्र सरकारच्या कामाबद्दलचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा, हे ते पथक ठरवणार, आणि तो तसाच ठेवणाऱ्या समाजमाध्यम कंपनीचं कायदेशीर संरक्षण जाण्याचा धोका. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, तिसऱ्या न्यायमूर्तींनी सप्टेंबर २०२४ मध्ये मत दिलं आणि तरतूद रद्द झाली. आपल्याच प्रकरणात सरकारने स्वतः निवाडा करायचा नाही, एवढा त्याचा सोपा अर्थ.

बदनामीचंही तसंच. १९९४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकार किंवा महापालिकेसारखी स्थानिक संस्था आपली बदनामी झाली म्हणून नुकसानभरपाईचा दावा लावू शकत नाही. व्यक्ती म्हणून नगरसेवकाला किंवा मंत्र्याला मात्र कायदा खुला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यामुळे "पत्रकार काहीही छापतात आणि सुटतात" हा समज बरोबर नाही.

'लोकांनी निवडून दिलंय, हे कोण विचारणारे?'

मतदाराने कौल दिला, पण सगळ्या कागदांवर कोरी सही दिलेली नाही. दोन्ही शहरांत बहुतेक प्रभागांत आता चार-चार नगरसेवक आहेत. एकच रस्ता चौघांचा. खोदला तर कुणी विचारायचं आणि कुणाला? घोडबंदर रोडचं पाहा. महापालिका, एमएमआरडीए, सार्वजनिक बांधकाम विभाग असे त्याचे अनेक धनी राहिले आहेत. एकाकडे गेलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. काम कुणाचं होतं हे कागदानिशी सांगणारी बातमी आली, तर पुढच्या वेळी मत देताना काही तरी हाताशी असतं. बातमीशिवाय कौल आंधळा राहतो.

नवी मुंबईत तर आणखी एक गोष्ट आहे. १९७० पासून या शहराची जमीन, नियोजन, घरांची सोडत, विमानतळाचं भूसंपादन यांत सिडको आहे, आणि सिडको निवडून आलेली संस्था नाही. तिचं संचालक मंडळ सरकार नेमतं. तिच्या निर्णयांवर महासभेत प्रश्नोत्तरं होत नाहीत. सोडतीतल्या घराची किंमत का वाढली, हे विचारायला सामान्य अर्जदारापाशी अर्ज, मोर्चा आणि वार्ताहर एवढंच असतं.

'पत्रकार तरी कुठे धुतल्या तांदळाचे?'

ही तक्रार खरी आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला पटत नाही. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातमीच्या वेषात प्रचार छापल्याचे प्रकार महाराष्ट्रातही उघड झाले. प्रेस कौन्सिलने त्यावर समिती नेमून २०१० मध्ये अहवाल काढला. प्रेस कौन्सिल समज देऊ शकते, निषेध नोंदवू शकते, शिक्षा करू शकत नाही, आणि तिचा अधिकार छापील माध्यमांपुरताच आहे. निकालानंतरची पानभर अभिनंदनं जाहिरात म्हणून छापली तर हरकत नाही. पण "विकासपुरुष" म्हणून तोच मजकूर दोन दैनिकांत शब्दशः सारखा आला, आणि वर 'जाहिरात' असं कुठेच नसलं, तर वाचकाने संपादकाला पत्र लिहावं. मोबाइलच्या काळातही संपादक अशी पत्रं वाचतात.

मात्र काही पत्रकार विकले जातात म्हणून सगळ्यांवर दबाव टाकणं योग्य ठरत नाही. दबावाला बळी पडतो तो न विकला जाणारा. महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध खास कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तपास उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. असा कायदा करावा लागला, यावरून परिस्थितीची कल्पना येते.

'सगळं फोनवर कळतं, वृत्तपत्र कशाला?'

तुंबलेलं पाणी फोनवर दिसतं. ते का तुंबलं हे दिसत नाही. नगरसेवकाच्या स्वतःच्या पेजवर भूमिपूजन असतं, त्या कामाचा वाढीव खर्च नसतो. स्थानिक यूट्यूब चॅनेलांत चांगलं काम करणारे आहेत आणि मी त्यांच्या बाजूची आहे, पण सभागृहात चार तास बसून विषय क्रमांक लिहून घेणं, जुनं इतिवृत्त काढून पाहणं, हे सावकाशीचं काम कुणाला तरी पगार देऊनच होतं. ठाण्यातून 'अरुणोदय' १८६६ मध्ये निघू लागलं. ठाणे महापालिका १९८२ ची, नवी मुंबईची १९९२ ची. या भागाला स्थानिक बातमीची सवय महापालिकांच्या कितीतरी आधीची आहे.

वाचकाने काय करावं?

माहितीचा अधिकार फक्त पत्रकारांसाठी नाही. २००५ च्या कायद्यातलं कलम ४ सांगतं की बरीच माहिती कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करावी. नाही केली तर अर्ज करा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत. महापालिकेच्या जनसंपर्क विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला एवढंच मागा: गेल्या दोन आर्थिक वर्षांत प्रसिद्धीवर झालेला एकूण खर्च, वृत्तपत्रनिहाय आणि तारखेनिहाय दिलेल्या जाहिराती, त्यांचा आकार व दर, आणि समाजमाध्यमं सांभाळायला एजन्सी नेमली असेल तर तिच्या कराराची प्रत. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं. दीडशे शब्दांत जागा उरली, तर आणखी एक गोष्ट मागा: शासनमान्य यादीत असूनही ज्या वृत्तपत्रांना या काळात एकही जाहिरात दिली गेली नाही त्यांची नावं, आणि तसं ठरवणाऱ्या टिपणीची प्रत.